‘प्रत्याख्यातभिषक्क्रिय’ : इच्छामरणाच्या वादांतील एका जुन्या शब्दाचा विचार

नागपुराहून वर्ध्याकडे जातांना वर्ध्याच्या अलीकडे धाम नदीच्या कांठीं पवनार हें गांव लागतें. या पत्रिकेच्या वाचकांस तें वाकाटकांच्या इतिहासावरून परिचित आहे. द्वितीय प्रवरसेनाची राजधानी प्रवरपुर ती हीच, असें मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं मांडलें. सन १९६७ मध्यें नागपूर विद्यापीठानें येथें उत्खनन केलें. आश्रमाच्या जागेंत खणतांना निघालेलीं जुनीं शिल्पेंही अनेकांनीं पाहिलीं असतील. याच आश्रमांत सन १९८२ च्या नोव्हेंबरांत आचार्य विनोबा भावे यांस हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर त्यांनीं अन्न, पाणी आणि औषध हीं तिन्ही घेण्याचें सोडलें, व त्या महिन्याच्या १५ तारखेस, दिवाळीच्या दिवशीं, देह ठेवला. त्यांचें वय तेव्हां ८७ वर्षांचें होतें.

त्या काळीं भारतीय दंडसंहितेचें ३०९ वें कलम अंमलांत होतें, आणि आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. विनोबांच्या भोंवतीं डॉक्टर होते, शिष्यमंडळी होती, सरकारचेंही लक्ष होतें. तरीही कोणी त्यांच्यावर खटला भरला नाहीं, किंवा बळानें त्यांस अन्न घातलें नाहीं. लोकांनीं या मरणास आत्महत्या म्हटलें नाहीं, प्रायोपवेशन म्हटलें. या दोन शब्दांतील भेद केवळ आदरापोटीं केला गेला, कीं त्याच्या मुळाशीं कांहीं तत्त्व आहे, हा प्रश्न त्या वेळीं अनेकांच्या मनांत येऊन गेला. परंतु त्याची तड तेव्हां लागली नाहीं. पुढें मुंबईच्या एका रुग्णालयांतील खाटेवरून तोच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि सन २०१८ मध्यें त्यास कायद्याचें उत्तर मिळालें. त्या उत्तराच्या मुळाशीं एक दस्तऐवज आहे. दस्तऐवजांचा संग्रह व त्यांची पारख हाच ज्यांचा व्यासंग, त्या वाचकांपुढें हा विषय मांडण्याचें प्रयोजन हेंच.

१. स्मृतींतील शब्द

आपल्या धर्मशास्त्रांत आत्मघात हें पातक मानलें आहे. आत्मघात करणाऱ्याचें अशौच पाळूं नये, त्यास उदकदान करूं नये, असे निर्बंध स्मृतींत आढळतात. मात्र या सामान्य नियमास एक अपवाद सांगितलेला आहे. अत्रीच्या नांवानें उद्धृत होणाऱ्या एका वचनांत अशा मनुष्याचें वर्णन येतें कीं, जो अतिवृद्ध झाला आहे, ज्यास शौचाचेंही भान राहिलें नाहीं, आणि जो ‘प्रत्याख्यातभिषक्क्रिय’ आहे. असा मनुष्य कड्यावरून उडी घेऊन, अग्नींत वा जलांत प्रवेश करून, किंवा अन्न वर्ज्य करून मेला, तर त्याचें तीन दिवस अशौच पाळावें व त्याचें श्राद्धही करावें, असा त्या वचनाचा आशय आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत या विषयाच्या वचनांचा परामर्श घेतला आहे. कोंकणच्या शिलाहार वंशांतील राजा अपरादित्य, ज्याची याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका ‘अपरार्क’ या नांवानें प्रसिद्ध आहे, त्यानेंही हा प्रश्न चर्चिला आहे.

वरील वर्णनांतील शेवटचा समास ध्यानपूर्वक पाहण्यासारखा आहे. भिषक्क्रिया म्हणजे वैद्याचा उपचार. प्रत्याख्यात म्हणजे नाकारलेला अथवा सोडून दिलेला. हा बहुव्रीहि दोन रीतींनीं सोडवितां येतो. ‘ज्याचा उपचार वैद्यानें सोडून दिला आहे तो’, हा एक अर्थ. ‘ज्यानें स्वतः उपचार नाकारला आहे तो’, हा दुसरा. पहिल्या अर्थीं निर्णय वैद्याचा आहे, दुसऱ्या अर्थीं रोग्याचा. व्याकरणास दोन्ही विग्रह मान्य आहेत. परंतु मरणाच्या दारीं पडलेल्या मनुष्याच्या उशाशीं जे लोक उभे असतात, त्यांच्या दृष्टीनें या दोहोंत मोठें अंतर आहे. नाकारणारा कोण, हा या सगळ्या वादाचा गाभा आहे असें आम्हांस वाटतें. गेल्या चाळीस वर्षांत आपल्या न्यायालयांनीं जें केलें, तें एका अर्थीं याच समासाचा विग्रह होय.

शास्त्रकारांनाही हा अपवाद निर्वेध वाटला नव्हता. पुढें कलिवर्ज्यांच्या ज्या याद्या झाल्या, त्यांत वृद्धादिकांनीं कड्यावरून वा अग्नींत देह टाकण्याचाही समावेश झाला. म्हणजे पूर्वयुगांस जें संमत, तें कलियुगास निषिद्ध ठरलें. शास्त्रानेंच दिलेली मोकळीक शास्त्रानेंच आवरती घेतली. जे लोक आज असें म्हणतात कीं आपल्या परंपरेनें इच्छामरण सरसकट मान्य केलें होतें, आणि जे असें म्हणतात कीं तें परंपरेस सर्वथा परकें आहे, त्या दोघांनींही ही गोष्ट लक्षांत घ्यावी.

२. कुरुवत्तीचा राजा

या वचनाचें प्रत्यक्ष उदाहरण म्हणून एक ऐतिहासिक घटना पुढें करतां येईल. कल्याणीचा चालुक्य राजा पहिला सोमेश्वर, बिरुद आहवमल्ल, यानें शके ९९० मध्यें, म्हणजे सन १०६८ त, तुंगभद्रेच्या कांठीं कुरुवत्ती येथें जलप्रवेश करून देह सोडला. बिल्हणानें ‘विक्रमांकदेवचरितां’त या प्रसंगाचें वर्णन केलें आहे. राजास दाहज्वर झाला. कोणताही उपाय चालेना. तेव्हां त्यानें आपला मनोदय प्रधानांस सांगितला, त्यांची संमति मिळविली, आणि नदीस जाऊन शिवाचें ध्यान करीत जलांत प्रवेश केला, असा त्याचा मथितार्थ. कुरुवत्ती येथील या मरणाचा उल्लेख शिलालेखांतूनही येतो.

बिल्हणाचें हें काव्य आज आपणांस उपलब्ध आहे याचें श्रेय जेसलमेरच्या जैन भांडारास द्यावें लागेल. तेथील हस्तलिखित सन १८७४ मध्यें ब्यूलर यांच्या दृष्टीस पडलें, आणि पुढील वर्षीं मुंबईस तें छापून निघालें. परंतु बिल्हण हा सोमेश्वराचा पुत्र सहावा विक्रमादित्य याचा आश्रित होता, हें विसरतां येत नाहीं. राजाची इच्छा काय होती, याची साक्ष पुत्राच्या दरबारीं कवीकडून येते. प्रधानांची संमतीही त्याच मुखानें कळते. याच विक्रमादित्याच्या कारकीर्दींत कल्याणी येथें विज्ञानेश्वरानें मिताक्षरा रचली, व तिच्या अशौचप्रकरणांतही आत्मघात्यांचा विचार आला आहे, एवढा संबंध येथें नोंदवून ठेवतों.

या घटनेंत तीन गोष्टी आहेत : असाध्य रोग, रोग्याची स्वतःची स्पष्ट वाणी, आणि ती ऐकणारे जबाबदार साक्षी. पुढील विवेचनांत या तीन गोष्टी पुनःपुन्हा येतील.

३. सल्लेखना

जैनांमध्यें सल्लेखनेची चाल प्राचीन आहे. श्रवणबेळगोळ, जेथील गोमटेश्वराच्या पायाशीं मराठीच्या आद्य लेखांपैकीं एक कोरलेला आहे, तेथें अशा व्रतानें देह ठेवणाऱ्यांचे स्मारकलेख अनेक आहेत. महाराष्ट्रांतील अलीकडील प्रसिद्ध उदाहरण आचार्य शांतिसागर महाराज यांचें. दृष्टि अधू झाल्यामुळें मुनिधर्माचे नियम यथासांग पाळणें अशक्य झालें, तेव्हां त्यांनीं आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील कुंथलगिरि येथें सल्लेखना घेतली, आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजीं देह ठेवला. व्रताचा आरंभ ऑगस्टच्या मध्यास झाला होता. म्हणजे महिन्याहून अधिक काळ हा निश्चय लोकांसमक्ष टिकून राहिला होता.

या चालीसही न्यायालयाची पायरी चढावी लागली. राजस्थान उच्च न्यायालयानें १० ऑगस्ट २०१५ रोजीं ती बेकायदेशीर ठरविली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें त्या निर्णयास स्थगिति दिली. सल्लेखनेच्या बाजूनें जें सांगितलें जातें त्यांत दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत. हें व्रत आवेगानें घ्यावयाचें नसतें, आणि गुरूच्या अनुज्ञेवांचून घेतां येत नाहीं. विरोधी पक्ष असा कीं, श्रद्धेच्या नांवाखालीं वृद्धांवर, विशेषतः वृद्ध स्त्रियांवर, घरच्यांचा दाब येऊं शकतो. दोन्ही पक्षांचा रोख एकाच प्रश्नाकडे आहे : हा निश्चय खरोखर कोणाचा?

याच प्रकारांत स्वातंत्र्यवीर सावरकर यांचा मृत्यु येतो. सन १९६६ च्या फेब्रुवारींत त्यांनीं अन्न व औषध सोडलें, आणि २६ तारखेस मुंबईस त्यांचें निधन झालें. आयुष्याच्या उत्तरकाळांत लिहिलेल्या एका लेखांत त्यांनीं आत्महत्या आणि आत्मार्पण यांतील भेद सांगून ठेवला होता. कृतीच्या आधीं लिखित शब्द होता, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

४. नवीं यंत्रें, नवा प्रश्न

वरील सर्व उदाहरणांतील पुरुष शेवटपर्यंत, किंवा निदान निश्चयाच्या वेळीं, शुद्धीवर होते. ‘मला नको’ असें त्यांनीं स्वतः सांगितलें. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वैद्यकानें मरणाची रीतच पालटली. सन १९५२ मध्यें कोपनहेगन येथें पोलिओची भयंकर सांथ आली असतां श्वसन बंद पडलेल्या रोग्यांच्या फुप्फुसांत हातांनीं पिशवी दाबून हवा भरण्याचें काम वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनीं रात्रंदिवस केलें, व त्यांतून अतिदक्षता विभागाचा जन्म झाला. कृत्रिम श्वसनाचें यंत्र आणि नाकांतून वा पोटांतून घातलेली अन्ननलिका यांच्या साहाय्यानें, ज्याची वाचा व जाणीव कायमची गेली आहे असा देहही वर्षानुवर्षें जिवंत ठेवतां येऊं लागला. या यंत्रांनीं असंख्य तरुण रोगी वांचविले, हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु त्यांनींच असा एक रोगी निर्माण केला, जो ‘हो’ म्हणूं शकत नाहीं आणि ‘नको’ही म्हणूं शकत नाहीं.

मरणाची व्याख्याही पूर्वीची राहिली नाहीं. नाडी थांबली कीं मनुष्य मेला, ही आपली जुनी खूण. सन १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानें मस्तिष्कस्तंभाचा मृत्यु हाही मृत्यु मानला. त्यासाठीं चार डॉक्टरांचें मंडळ लागतें, निदान सहा तासांच्या अंतरानें दोनदां तपासणी करावी लागते, आणि विहित नमुन्यावर सह्या व्हाव्या लागतात. नागपुरास विदर्भासाठीं अवयव प्रत्यारोपणाचें विभागीय समन्वय केंद्र आहे, आणि अशा मृतांच्या नातेवाइकांच्या लेखी संमतीनें येथून अवयव अन्य रोग्यांस दिले जातात. येथें एक घोटाळा टाळला पाहिजे. मस्तिष्कस्तंभ मृत झालेला मनुष्य कायद्यानें मृतच आहे. त्याच्या बाबतींत इच्छामरणाचा प्रश्न उद्भवत नाहीं. प्रश्न उद्भवतो तो जो जिवंत आहे पण परत येणार नाहीं, त्याच्या बाबतींत.

५. अरुणा शानभाग

हा प्रश्न आपल्याकडे ज्या नांवानें ओळखला जातो तें नांव अरुणा शानभाग यांचें. मुंबईच्या केईएम रुग्णालयांत त्या परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं त्याच रुग्णालयाच्या एका सफाई कामगारानें कुत्र्याच्या सांखळीनें त्यांचा गळा आवळून त्यांवर अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यामुळें त्या पूर्ववत् शुद्धीवर आल्याच नाहींत. तेव्हांपासून १८ मे २०१५ रोजीं न्यूमोनियानें मृत्यु येईपर्यंत, म्हणजे साडेएकेचाळीस वर्षें, त्या रुग्णालयाच्या खाटेवर होत्या. इतक्या काळांत परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. परंतु त्यांची शुश्रूषा खंडली नाहीं. अंगावर शय्याव्रण होऊं न देणें म्हणजे किती कष्ट, हें ज्यांनीं घरीं दीर्घ आजारी मनुष्य सांभाळला आहे त्यांसच कळेल.

लेखिका पिंकी विराणी यांनीं सन १९९८ मध्यें अरुणा यांच्यावर ग्रंथ लिहिला, आणि सन २००९ मध्यें त्यांच्या वतीनें सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला कीं, त्यांस अन्न देणें थांबवून शांतपणें मरूं द्यावें. न्यायालयानें तीन डॉक्टरांकडून तपासणी करविली. अरुणा मस्तिष्कमृत नव्हत्या. यंत्रावांचून श्वास घेत होत्या. बाहेरच्या कांहीं गोष्टींस त्यांच्याकडून प्रतिसाद येई, परंतु त्याचा अर्थ लावणें कठीण होतें. परिचारिका म्हणत, ती आमची आहे, तिला जगूं द्या. अर्जदार म्हणत, असल्या जगण्यास जगणें म्हणूं नये. दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत कळवळा होता, आणि दोन्ही पक्ष त्या अबोल स्त्रीच्या वतीनें बोलत होते.

७ मार्च २०११ रोजीं न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनीं अर्ज फेटाळला. अरुणा यांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार अर्जदाराचा नसून इतकीं वर्षें सेवा करणाऱ्या रुग्णालयाच्या सेवकवर्गाचा आहे, असें त्यांनीं ठरविलें. मात्र त्याच निर्णयांत त्यांनीं हेंही मान्य केलें कीं, योग्य प्रकरणीं उच्च न्यायालयाच्या अनुज्ञेनें जीवनाधार काढून घेतां येईल. ही अनुज्ञा आवश्यक करण्याचें कारणही त्यांनीं सांगितलें : संपत्तीच्या लोभानें नातेवाईक व डॉक्टर संगनमत करतील, हें भय आपल्या समाजांत अवास्तव नाहीं.

आमच्या मतें या प्रकरणाचा खरा बोध असा कीं, अरुणा यांचा स्वतःचा एकही शब्द कोणाजवळ नव्हता. त्या तरुण होत्या, धडधाकट होत्या. असें कांहीं लिहून ठेवण्याचें त्यांस कारण नव्हतें, आणि त्या काळीं तशी सोयही नव्हती. मूळ लेख नसल्यामुळें सर्वांस अनुमानावर विसंबावें लागलें. मूळ हरवलें असतां टीकाकारांत जो वाद माजतो, तो आपणांस अपरिचित नाहीं. येथें त्या वादाचा विषय एक जिवंत स्त्री होती.

६. न्यायालयांनीं केलेला विग्रह

हा निर्णय एकाएकीं झालेला नाहीं. सन १९८६ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें मारुती श्रीपती दुबळ यांच्या प्रकरणांत न्या. पी. बी. सावंत यांच्या निर्णयानें ३०९ वें कलम घटनाबाह्य ठरविलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें सन १९९४ मध्यें पी. रथिनम् प्रकरणांत तोच विचार उचलला. परंतु सन १९९६ मध्यें ग्यान कौर प्रकरणांत पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें तो फिरविला. जीविताच्या हक्कांत मरणाचा हक्क येत नाहीं, मात्र मरणाची क्रिया सुरू झाली असतां प्रतिष्ठेनें मरण्याचा हक्क येऊं शकतो, असा भेद त्या पीठानें केला. सन २०१७ मध्यें खासगीपणाच्या हक्काविषयीं नऊ न्यायाधीशांनीं निर्णय दिला. त्यांत नागपूरचे न्या. शरद बोबडे हेही होते. स्वतःच्या देहावर काय करूं द्यावें हें ठरविण्याचा अधिकार माणसाचा आहे, या विचारास त्यामुळें बळ आलें.

९ मार्च २०१८ रोजीं ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या अर्जावर सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या घटनापीठानें सांगितलें कीं, शुद्धीवर असलेला प्रौढ मनुष्य पुढें येणाऱ्या प्रसंगासाठीं आपला नकार आगाऊ लिहून ठेवूं शकतो. आत्मघाताच्या प्रयत्नासंबंधींचा कायदाही बदलला. सन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं असावा असें गृहीत धरलें, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत जुनें ३०९ वें कलम राहिलें नाहीं. केवळ सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठीं केलेला प्रयत्न तेवढा दंडनीय ठेवला आहे. मात्र दुसऱ्यास आत्महत्येस साहाय्य करणें किंवा प्रवृत्त करणें हा गुन्हा कायम आहे, आणि विष टोंचून रोग्यास मारणें, मग तें दयेनें कां असेना, आपल्याकडे वधच आहे. नेदरलंड्समध्यें सन २००२ पासून डॉक्टरास विशिष्ट अटींवर ती मुभा आहे. स्वित्झर्लंडच्या दंडविधानांत स्वार्थी हेतूनें केलेलें साहाय्य तेवढें शिक्षेस पात्र आहे. आपल्या कायद्यानें ती वाट धरलेली नाहीं. नको असलेला उपचार थांबविणें आणि मरण घडवून आणणें यांत त्यानें रेघ ओढली आहे. विनोबांचें मरण या रेघेच्या अलीकडे पडतें. तुंगभद्रेंत उतरणारा राजा पलीकडे पडतो.

७. निर्देशपत्र आणि त्याची पारख

आतां तो दस्तऐवज. सन २०१८ च्या निर्णयांत त्यास प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही आवश्यक केली होती, व ती अट इतकी जाचक ठरली कीं असे लेख फारसे होईनात. २४ जानेवारी २०२३ रोजीं न्यायालयानें नियम सुलभ केले. सध्याची रीति येणेंप्रमाणें :

लेख करणारा प्रौढ व शुद्धीवर असावा, आणि त्यानें तो स्वेच्छेनें लिहावा. कोणत्या अवस्थेंत कोणता उपचार नको हें निःसंदिग्ध शब्दांत असावें. स्वतः बोलतां येईनासें झाल्यावर ज्यांनीं आपल्या वतीनें बोलावें, त्या विश्वासू व्यक्तींचीं नांवें असावीं. दोन साक्षीदारांसमक्ष सही व्हावी, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांनीं ती प्रमाणित करावी. प्रत नातेवाइकांस व घरच्या डॉक्टरास द्यावी, आणि महानगरपालिका, नगरपालिका वा पंचायत यांनीं नेमलेल्या अभिरक्षकाकडे एक प्रत ठेवावी. लेख केव्हांही मागें घेतां वा बदलतां येतो.

एवढ्यानें उपचार थांबत नाहीं. प्रसंग आला म्हणजे रुग्णालयाचें तीन डॉक्टरांचें प्रथम मंडळ रोग्याची स्थिति पाहतें. नंतर दुसरें मंडळ, ज्यांत जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानें नेमलेला डॉक्टर असतो, तें पाहतें. प्रत्येकानें शक्यतों ४८ तासांत मत द्यावें, असा दंडक आहे. दोहोंचें एकमत झाल्यावर व नातलगांची संमति घेतल्यावर न्यायदंडाधिकाऱ्यास कळवून मगच उपचार काढतां येतो. लेख केलेला नसेल, तरी जवळच्या नातलगांच्या संमतीनें याच मार्गानें जातां येतें.

वाचकांच्या लक्षांत आलें असेल कीं, जुन्या समासाचे दोन्ही विग्रह येथें एकत्र आणले आहेत. उपचार रोग्यानें नाकारलेला असावा, आणि वैद्यांनींही तो निष्फळ ठरविलेला असावा. एकट्याचा शब्द पुरेसा नाहीं. सोमेश्वराच्या कथेंतील तिन्ही गोष्टीही, म्हणजे असाध्य रोग, स्वतःची वाणी व जबाबदार साक्षी, येथें पुन्हा आल्या आहेत. फरक इतकाच कीं, साक्ष आतां दरबारी कवीची नाहीं.

गोव्यांत मे २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनीं असें पत्र नोंदविलें. महाराष्ट्रांत मुंबईचे डॉ. निखिल दातार यांच्या जनहित याचिकेनंतर राज्य सरकारनें स्थानिक संस्थांतून अभिरक्षक नेमले.

८. आक्षेप

या व्यवस्थेवर दोन बाजूंनीं आक्षेप येतात, आणि ते दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. कांहींस ती अपुरी वाटते. सन २०१७ च्या अखेरीस मुंबईतील एका अपत्यहीन वृद्ध दांपत्यानें आजार नसतांही आपणांस मरूं द्यावें, असें राष्ट्रपतींस लिहिलें होतें. परावलंबी होण्यापूर्वींच जावें, हें त्यांचें म्हणणें. या मागणीस प्रस्तुत कायद्यांत स्थान नाहीं, आणि आमच्या मतें तें नसावें. ज्या समाजांत म्हातारपण एकाकी झालें आहे, तेथें मरणाची सोय करण्यापूर्वीं सोबतीची सोय केली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक बोंचरा आहे. विदर्भाच्या खेड्यांतील कर्जबाजारी कुटुंबाचा प्रश्न यंत्र केव्हां काढावें हा नसतो. यंत्र मिळेल कसें, व त्याचें बिल भरेल कोण, हा असतो. तेथें ‘नको’ हा शब्द रोग्याच्या तोंडीं दारिद्र्य घालतें. वेदनाशमनाची सोय नसेल, तर तो शब्द वेदना वदविते. मॉर्फिन मिळण्यांतील कायद्याच्या अडचणी सन २०१४ मध्यें कमी केल्या गेल्या. परंतु औषधाबरोबर तें देणारे शिकलेले हातही लागतात. म्हणून निर्देशपत्र वाचणाऱ्यानें ‘हें कोणी लिहिलें’ एवढें विचारून थांबूं नये. ‘कोणत्या परिस्थितींत लिहिलें’ हेंही विचारावें. दस्तऐवजाच्या परीक्षेंत हे दोन्ही प्रश्न आपण नेहमींच विचारतों.

माणसाची प्रतिष्ठा त्याच्या शरीराच्या सामर्थ्यांत नसते. तशी असती, तर केईएमच्या परिचारिकांची ती दीर्घ सेवा व्यर्थ गेली असें म्हणावें लागेल, आणि तसें कोणीही म्हणणार नाहीं. प्रतिष्ठा यांत आहे कीं, माणूस बोलेनासा झाल्यावरही त्याचा शब्द कोणी तरी ऐकावा, आणि तो नसेल तर त्याच्या जागीं आपला शब्द सहजासहजीं घालूं नये.

शेवटीं आपल्या वाचकवर्गास एक विनंति. आपण संग्राहक मंडळी मौल्यवान कागद कडीकुलुपांत ठेवतों, आणि किल्ली कोठें आहे हें आपणांवांचून कोणास ठाऊक नसतें. पोथीस ही रीति योग्य आहे. निर्देशपत्रास ती घातक आहे. जो कागद प्रसंगीं रुग्णालयाच्या टेबलावर पोंचला नाहीं, तो लिहिला नसल्यासारखाच. म्हणून ज्यांस असा लेख करावयाचा असेल त्यांनीं तो करावा, ज्यांस करावयाचा नसेल त्यांनीं तसेंही घरच्यांस स्पष्ट सांगावें. आणि लेख केल्यास त्याची प्रत ज्यांनीं आपल्या उशाशीं बसावयाचें आहे त्यांच्या हातीं आजच द्यावी, व त्याचा अर्थ स्वतःच्या तोंडानें त्यांस समजावून सांगावा. आपल्या शब्दाचा विग्रह आपण हयात असतांना करून ठेवलेला बरा. मागाहून तो करणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचें एकमत होईलच असें नाहीं.